तीन म्हणेपर्यंत

सोमवार, ९ ऑगस्ट
गेले एकदाची त्या ऑस्टिओपॅथकडे! चित्रकलेच्या बाईंनी महिनाभर स्टाफरूममध्ये डोकं खाल्लं — "जादू आहे हो त्यांच्या हातात!" जादू म्हणे! ज्यांना सरळ रेघ ओढायला पट्टी लागते त्यांनी मला कंबरेवर उपदेश करावा!

माणूस तिशीचा, बुटात मोजे नाहीत. हाडवैद्यच तो, फक्त भिंतीवर प्रमाणपत्र आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा. पालथं झोपवून एकेक मणका दाबून पाहिला, मग कुशीवर वळवून ओल्या चादरीसारखं पिळलं. कट्! मी किंचाळले. तो म्हणतो, "छान!" नंतर माकडहाडाखाली हात घालून वीस मिनिटं नुसता बसला. वीस मिनिटांत मी नववीला एक प्रमेय शिकवते.

दुखणं तसंच.

गुरुवार, १२ ऑगस्ट
सकाळी ह्यांना उचलताना अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अर्धांगाचा झटका आल्यापासून अकरा महिने हेच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत पलंगावर. मी काखेत हात घालायचे, ह्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर, एक, दोन, तीन — आणि हे? नुसतं पोतं! जरा म्हणून जोर लावतील तर शपथ.

"दुखलं?" म्हणाले. हल्ली तेवढं नीट बोलतात.

"नाही, गुदगुल्या झाल्या."

मी शाळेत असताना सांभाळायला मावशी येतात. त्याही उचलतात म्हणे. पण त्यांनी कंबर धरलेली कधी पाहिली नाही. अंगचोर बाई! दिवसभर ह्यांना नुसतं पडूनच ठेवत असणार.

शनिवार, १४ ऑगस्ट
नणंद आली. खुर्चीच्या टोकावर बसली, जशी काही खुर्ची चावणार आहे.

"वहिनी, तुम्ही आडव्या झालात तर दादाचं काय? त्या शुश्रूषा केंद्रात उत्तम सोय आहे. मी फॉर्म आणलाय."

भावाजवळ पाच मिनिटं बसवलं नाही, फॉर्म मात्र घडी न मोडता आणला! वर म्हणते, "महिनाअखेर बघू." माझ्या कंबरेला मुदत! मी अंथरूण धरलं की ह्यांना तिकडे टाकणार, आणि नाही म्हणायला मला तोंड उरणार नाही. मी ह्यांना तिथे जाऊ देणार नाही. नाही म्हणजे नाही.

हे सगळं ऐकत होते. भिंतीकडे बघत.

मंगळवार, १७ ऑगस्ट
मोजे घालताना वाकता येईना. माझे नव्हे, ह्यांचे. पायमोजे चढवायला आठ मिनिटं.

बुधवार, १८ ऑगस्ट
पुन्हा त्या बिनमोज्याकडे. नाक मुठीत धरून गेले, दुसरं करणार काय! म्हणतो, "त्यांना कसं उचलता? मला उचलून दाखवा." लाज नाही! त्या सांगाड्यासमोर एवढ्या घोड्याला कवेत घेतलं. एक, दोन —

"थांबा. तुम्ही दोनलाच उचललंत. समोरच्याला उठायची संधीच नाही."

मला आकडे शिकवतो! तीस वर्षं गणित शिकवतेय मी!

"उद्या तीन म्हणा आणि दहापर्यंत हात लावू नका. जवळ मात्र उभ्या राहा."

ठीक आहे. उद्या ह्या बिनमोज्याला तोंडघशी पाडते.

गुरुवार, १९ ऑगस्ट
तीन म्हटलं. हात मागे घेतले. हे माझ्याकडे बघत राहिले. चार. पाच. सहाला धड असलेला हात पलंगाच्या कठड्यावर गेला. आणि उठले! थरथरत, पण उठले!

हात बरोबर जागेवर गेला. न चाचपडता. पोरं पाठ केलेलं उत्तर फळ्यावर लिहितात ना, तसा. मला कळतं ते.

मावशी आल्या आल्या त्यांना धारेवर धरलं. त्या रडायलाच लागल्या. "दोन महिने झाले बाई, माझ्यासोबत ते आपले आपण उठतात. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातली होती."

दोन महिने! इथे माझी कंबर मोडतेय आणि हे गंमत बघतायत! खोटारडा माणूस! आळशी! संध्याकाळी ताट समोर आदळलं.

शुक्रवार, २० ऑगस्ट
सकाळी विचारलं, "का?"

एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुझी कंबर... कळत होतं. लाज वाटायची. पण उठलो, तर तू धरणार नाहीस."

गाढव! बत्तीस वर्षांच्या संसारात एकदा तरी बोलायचं!

एक, दोन, तीन म्हटलं. हे उठले. मी हात सोडले नाहीत.

पहिला तास बुडाला.