राजाबाई उभी राहिली त्या जागी वाचावे

मी, हरिचंद्र शंकर उबाळे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म बौद्ध, आगपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते पूर्वीही शाबूत होते आणि पुढे जे लिहिले आहे ते मी शाबूत डोक्यानेच केले, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पोटाच्या दुखण्यामुळे आता फार दिवस उरलेले नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. अंत्यविधी साधा करावा. तीस वर्षे बौद्धाचार्य म्हणून मी या भागातली लग्ने लावली, नामकरणे केली, मयतीला गाथा म्हटल्या. माझ्या मयतीला धम्मदीपने म्हणाव्यात. तो माझ्या हाताखाली शिकला आहे. पालीचे उच्चार ठीक आहेत, घाई तेवढी करतो. लाऊडस्पीकर लावू नये. उबाळे गुरुजी म्हणजे करुणेची मूर्ती, असे भाषण कोणी सुरू केले तर त्याला खाली बसवावे.

२. माझे पांढरे कपडे आणि वंदनेचे पुस्तक धम्मदीपला. पोस्टातले पैसे दवाखान्यातून उरलेच तर विहाराच्या अभ्यासिकेला. टेबलावरचे घड्याळ विहार कमिटीला. उल्हासनगरच्या एका दुकानदाराने "साईं, बीस साल देखना नहीं पडेगा" म्हणून ते माझ्या गळ्यात मारले आणि सहा महिन्यांत ते मागे पडू लागले. कमिटीची सभाही कधी वेळेवर सुरू झालेली नाही, तेव्हा दोघांचे जमेल.

३. माझी हत्यारे कारखान्यातला माझा हेल्पर पदू, राहणार बारवी धरणाच्या बाजूचा पाडा, याने वेळोवेळी न विचारता नेलेली आहेत. ती परत मागू नयेत.

४. माझी राहती खोली, मोरी व पोटमाळ्यासह, माझी मुलगी यशोधरा हिला. ती नर्स आहे, हेंद्रेपाड्याला एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी तिची आई राजाबाई वारली, तेव्हापासून ती या खोलीत आलेली नाही. त्या दिवशी मी गाथा म्हणायला हात जोडले, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नको." मी बाजूला झालो आणि धम्मदीपने म्हटल्या. जमलेल्यांपैकी कोणीही कारण विचारले नाही, कारण जुन्या माणसांना ते माहीत होते. नव्यांसाठी लिहितो.

१९८१ साली आमचा नितीन नऊ वर्षांचा असताना कावीळ होऊन गेला. त्याच्या जलदान विधीला माणसे जेवायची होती म्हणून मी तांदळाचा डबा उपसला, तर तळाला देवीचा चांदीचा टाक सापडला. दीक्षा घेतली तेव्हा बदलापूर गावातल्या आमच्या सगळ्या घरांनी देव नदीत सोडले होते. माझ्या सासूने हा एक मागे ठेवला आणि नातू आजारी पडल्यावर लेकीच्या हातात दिला. राजाबाईने तो माझ्यापासून लपवून डब्यात ठेवला. मी जाब विचारला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "औषध एक वेळ चुकवलं नाही मी. भीती वाटत होती, म्हणून ठेवला."

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी तिला सर्वांसमोर उभे केले. मूल जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. तू प्रतिज्ञा मोडलीस, माफी माग आणि बावीसच्या बावीस पहिल्यापासून म्हण, असे मी सांगितले. तिला अक्षरओळख नव्हती. ती मध्ये मध्ये अडत होती आणि मी पुढचा शब्द सांगत होतो. बारा वर्षांची यशोधरा आईचा पदर धरून शेजारी उभी होती. माझ्या मनात तेव्हा दया आली नाही, अभिमान आला. आपल्या घरालाही सूट दिली नाही हे मी पुढे कितीतरी लग्नांत उदाहरण म्हणून सांगितले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

राजाबाईने भांडण केले नाही. बावीस वर्षे वेळेवर डबा दिला, कपडे धुतले, विहारात शेवटच्या रांगेत बसली. माझ्याशी कामापुरते बोलली. मी रोज सकाळी प्राणिमात्र सुखी होवोत असे म्हणत होतो आणि ती माझ्या पाठीमागे भाकरी थापत होती.

५. तो टाक वालधुनी नदीत फेकला असे मी सर्वांना सांगितले. ते खोटे आहे. मी पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. मला भीती वाटली. कशाची ते आजही सांगता येत नाही, पण फेकवेना. ज्या भीतीसाठी बायकोला उभे केले तीच मला वाटली, आणि मला कोणी उभे केले नाही. टाक पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या कागदांखाली आहे. तो यशोधराला द्यावा.

६. मी गेल्यानंतरच्या रविवारी हे मृत्युपत्र विहारात, राजाबाई उभी राहिली त्या जागी उभे राहून, धम्मदीपने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. मी जिवंतपणी दोनदा प्रयत्न केला. उभा राहिलो आणि अभ्यासिकेच्या वर्गणीबद्दल बोलून खाली बसलो.

वरील मजकूर मागच्या आठवड्यात लिहून झाला. आज सह्यांचा दिवस. शेजारच्या वेणूबाई आणि पदू हे साक्षीदार ठरले होते आणि दोघे वेळेवर आले. यशोधरालाही निरोप पाठवला होता. ती येईल असे वाटले नव्हते, पण आली. सर्व कागद तिने उभ्यानेच वाचले. मग विचारले, "हे आईला एकटीला कधी सांगितलंत?"

नाही, म्हणालो.

"मग विहारात वाचू नका. तिला परत सगळ्यांसमोर उभं करू नका."

माफीसुद्धा मला लोकांसमोरच मागायची होती, हे ती बोलेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. सांगायचे ते ऐकणारी आता नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगून ते फिटणार नाही. कलम ६ रद्द समजावे.

मी ट्रंक उतरवून घेतली आणि टाक काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो ओढणीने पुसून पर्समध्ये टाकला. हा आईचा आहे, तुमच्या मृत्युपत्रात घालू नका, म्हणाली. कलम ५ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे.

खोलीचे काय, असे मी विचारले. मसुदा तपासणाऱ्या वकिलांनी बजावले होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. ते मी तिला सांगितले, म्हणजे तिने चुकून सही करू नये. ती पदूकडे वळली आणि सून कुठे कामाला जाते ते विचारले. पदू म्हणाला, "भिकी इथंच येते, एमायडीसीत, पॅकिंगला. पहाटंला निघते, काळोख पडल्यावर घरी." यशोधराने पदूच्या हातातून पेन घेतले. साक्षीदार मी होते, खोली तिला द्या, म्हणाली. कलम ४ च्या पहिल्या वाक्यात माझी मुलगी यशोधरा हिच्याऐवजी पदूची सून भिकी हिचे नाव वाचावे.

गाथांना येशील का, हे मी विचारले नाही.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली असे.

ठिकाण: बुवापाडा, अंबरनाथ
दिनांक: १२ नोव्हेंबर २००६, रविवार

मृत्युपत्र करणार:
हरिचंद्र शंकर उबाळे

साक्षीदार:
१) वेणूबाई धोंडिबा कांबळे, रा. बुवापाडा (डाव्या हाताचा अंगठा)
२) यशोधरा राजाबाई उबाळे, रा. हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम