‘पाऊल’ विकायला कुणी काढलं

प्रिय धाकट्या,

दुकान एकदाचं रिकामं झालं. बाबांचे लाकडी साचे पायांचे उपचार शिकवणाऱ्या कॉलेजनं नेले. एकशे बारा भरले. प्रत्येकावर बाबांच्या तिरक्या अक्षरात ‘डावा, दीड बोट कमी’, ‘उजवा, टाच आत’ असं लिहिलेलं. न्यायला आलेल्या मुलीनं विचारलं, “यावर नावं कशी नाहीत?” मी म्हटलं, त्यांना माणसं पायांवरूनच आठवायची. ती हसली. मग मी आत जाऊन उगीच नळ सोडून उभी राहिले.

तू आणि तुझ्या जिवलग दोस्तानं, लंबूनं, कॉलेजात असताना दुकानाची वेबसाइट केलीत, ते दिवस सारखे डोळ्यांपुढे येतात. एक पाय आखूड असलेल्यांसाठी जोडे करणाऱ्या माणसाची वेबसाइट! बाबांनी पडद्यावर दुकानाचं नाव ‘पाऊल’ वाचलं आणि विचारलं, “पण इथं आलेल्या माणसाचं माप कसं घ्यायचं?” लंबू हसता हसता स्टुलावरून पडला होता. डोमेनचं नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तू तुझ्या खात्यावर नोंदवलंस. पुढे नोकरीसाठी गेलास तेव्हा खात्याचा आणि त्याला जोडलेल्या ईमेलचा पासवर्ड कागदावर लिहून दिलास आणि बजावलंस, “ताई, दरवर्षी तेवढं नूतनीकरण विसरू नकोस.” बारा वर्षं विसरले नाही.

मग त्या मोठ्या कंपनीचे पळण्याचे बूट आले, तेही ‘पाऊल’च. चौकाचौकात फलक लागले. लोक चुकून आपल्याला फोन करायचे. बूट चावतो म्हणून एका बाईनं बाबांना अर्धा तास फैलावर घेतलं. बाबा शांतपणे म्हणाले, “घेऊन या, बघतो.” ती खरंच आली, आणि बाबांनी तो बूट आतून तासून दिलाही. त्यानंतर दोनच महिन्यांत ते अंथरुणाला खिळले.

त्या आजारपणात नूतनीकरण राहिलं. मुदत संपली, नाव सुटलं. तुला सांगितलं नाही. कामाच्या व्यापात तू विचारलंही नाहीस.

बाबा गेले आणि तू चौथ्या दिवशी परत गेलास. महत्त्वाची बैठक होती, मला माहीत आहे. पण मी त्या घरात एकटी होते आणि कपाटातली औषधंसुद्धा कुणी फेकली नव्हती. मला तुझा फार राग आला होता, धाकट्या. त्या रागातच एका दुपारी मी संगणकावर बसले. पाहिलं तर ते डोमेन कुणीच घेतलेलं नव्हतं. तुझ्या जुन्या खात्यातून, तुझ्याच नावावर, मी ते पुन्हा नोंदवलं. बाबांची आठवण म्हणून घेतेय, असं मी मला समजावलं. तिसऱ्या दिवशी तुझ्याच ईमेलवरून कंपनीला लिहिलं की हे नाव हवं असेल तर विकायचं आहे, आणि खाली एक भलामोठा आकडा टाकला.

हो. ते पत्र मी लिहिलं.

कंपनीनं उत्तर दिलं नाही, वकील लावले. लवादाकडे केलेल्या तक्रारीचे चाळीस पानांचे कागद तुझ्या त्या जुन्या ईमेलवर आले, जो तू उघडतच नाहीस. मी शब्दकोश घेऊन वाचले. तीन गोष्टी सिद्ध केल्या की नाव त्यांचं होणार होतं: नाव त्यांच्या ट्रेडमार्कसारखंच आहे, आपला त्यावर खरा हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं घेतलंय. आपली पहिली नोंदणी त्यांच्या आधीची होती. ती टिकली असती तर त्यांचं काही चाललं नसतं. पण माझी नवी नोंदणी त्यांच्यानंतरची, दुकान बंद, पान कोरं, आणि वर ते विकायचं पत्र. मीच त्यांच्या हातात कोलीत दिलं होतं. उत्तराला वीस दिवस होते. रोज ठरवायची, आज तुला फोन करायचा. विसाव्या दिवशी संगणक झाकून ठेवला.

नाव गेलं. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण निकाल सगळ्यांना वाचता येईल असा इंटरनेटवर आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यात तुझं पूर्ण नाव आहे आणि तू अप्रामाणिकपणे वागलास असं लिहिलंय. तुझ्या बँकेनं बढतीआधी नेमकं तेच शोधून काढलं. तू फोनवर विचारलंस, “ताई, तुला यातलं काही माहितीय?” मी म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं!” तू पुढे म्हणालास, “मग लंबूच. आपल्या दोघांशिवाय पासवर्ड त्यालाच माहीत होता.” मी ते खोडून काढलं नाही.

तू त्याला वकिलाची नोटीस पाठवलीस, तसा तो मला भेटायला आला. पूर्वीसारखाच दारातून वाकून आत शिरला. “ताई, तुम्ही तरी सांगा त्याला, मी असं करेन का?” मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, बोलते त्याच्याशी. तो बिचारा आभार मानून गेला. या आळापायी दोन शाळांनी त्याच्याकडून वेबसाइटचं काम काढून घेतल्याचं मला नंतर बाहेरून कळलं. तो स्वतः त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

काल साचे गेल्यावर मी रिकाम्या दुकानाला कुलूप लावलं आणि सरळ लंबूच्या घरी गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. म्हटलं, “नोटरीपुढे सही करून सगळं लिहून ठेवलंय, एक प्रत तुला, एक बँकेला.” तो ओरडेल, दार लावून घेईल, असं वाटलं होतं. त्यानं कागद घेतलाच नाही. एवढंच विचारलं, “त्याला सांगितलंत?” मी नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग आधी त्याला सांगा, ताई. बँकेकडून कळलं तर तो मोडून जाईल.” म्हणून हे पत्र. बँकेचं पाकीट मी सोमवारी टाकणार आहे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते सावकाश ठरव. लंबूला मात्र आजच फोन कर.

रागावलास तरी तुझीच,
ताई