बंद देशात प्रभातफेरी

४ ऑक्टोबर
पोचलो. विमानतळावरच डोकं फिरलं. या देशात बाहेरचा माणूस क्वचित येतो, आणि आलेल्याची बॅग चार-चार वेळा उपसतात. बसमध्ये गाईडबाईंनी सूचना वाचल्या. सैनिकांचे फोटो नकोत, रांगांचे नकोत, हॉटेलबाहेर एकट्याने पाऊल नको. हे मला! एकतीस वर्षं मुख्याध्यापक होतो. सूचना मी वाचायचो, जग ऐकायचं. बायको मात्र सगळं वहीत उतरवून घेत होती.

५ ऑक्टोबर
दिवसभर पुतळे. गाईडबाई बाथरूमच्या दारापर्यंत सोबत! खडसावलं. म्हणाल्या, सर, तुमच्याच भल्यासाठी. तळपायाची आग मस्तकात. हेच वाक्य मी मुलांना ऐकवायचो, पण तेव्हा ते खरं असायचं.
संकल्प: उद्या पहाटे एकटा बाहेर. घरी गेल्यावर व्याख्यान, ‘मी पाहिलेला खरा देश’.

६ ऑक्टोबर, सकाळी ९
फत्ते! ५.४० ला मागच्या दाराने सटकलो. बंद दुकानं, पावासाठी रांग. फोटो काढला तर अख्ख्या रांगेने पाठ फिरवली. फार लाजाळू लोक.
रस्ता चुकलो नव्हतो, परतीचा शोधत होतो. तेवढ्यात गाईडबाई धावत आल्या. केस मोकळे, पायात हॉटेलच्या सपाता. बाही धरून ओढलं. मुख्याध्यापकाची बाही! रस्त्यातच झापलं. त्या मला ओढत जवळजवळ पळत सुटल्या. गारठा होता.

दुपारी २
अधिकारी आले. माझी चौकशी दहा मिनिटं, चहासकट. गाईडबाई आत गेल्या त्या अजून बाहेर नाहीत. कामाला उरक म्हणून नाही या लोकांना.

७ ऑक्टोबर
नवा गाईड. बाईंचं विचारलं तर म्हणाला, तब्येत बिघडली. बढती मिळाली असणार.
बायको बसमध्ये शेजारी बसली नाही. उतरल्यावर कडाडली. बाईंना चार वर्षांची मुलगी आहे, परवाच मला तिचा फोटो दाखवला, तुमच्या प्रभातफेरीपायी त्या पोरीची आई कुठे गेली? मीही आवाज चढवला. पुरता चढला नाही.

८ ऑक्टोबर
चूक माझी नाही. तरी पत्र लिहिलं. दोष सर्वस्वी माझा, बाई निर्दोष. खाली सही, हुद्दा. नव्या गाईडला म्हटलं, वर पोचवा.
त्याने हात लावला नाही. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, सर, पत्र गेलं तर पुन्हा चौकशी होईल. तुमची नाही.
पत्र फाडलं. तुकडे मुठीत धरून लॉबीत अर्धा तास उभा. शेवटी, कुठे टाकले तर चालतील, हे त्यालाच विचारलं.