टॉवेल-टोपी

१६ मार्च २०२५, रविवार. सकाळी ७.१०
गाडी काल आली. करमाळ्याच्या एका गृहस्थांकडून घेतली. कन्व्हर्टिबल. वरचं छत कापडी, हवं तेव्हा उघडायचं, हवं तेव्हा मिटायचं. गल्लीत सगळे तिला जीप म्हणतात. हळूहळू सुधारतील.

विजयमाला म्हणाली, करमाळ्याच्या माणसानं तुम्हाला टोपी घातली. मी म्हणालो, त्यालाच हूड म्हणतात.

गाडी हौसेखातर घेतलेली नाही. प्रियदर्शनी, म्हणजे विजयमालाच्या भावाची मुलगी, कॉलेजची पाच वर्षं आमच्या घरी राहिली. आम्हाला मूल नाही, पण ती असताना ते कधी आठवलं नाही. दुसऱ्या वर्षी तिचा एक विषय राहिला. दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मी म्हणालो होतो, तू पास हो, तुझी वरात मी उघड्या गाडीतून काढतो. ती हसली आणि जेवली. पुढे सगळे विषय सुटले. आता ३० एप्रिलला मोडनिंबला तिचं लग्न आहे.

आजपासून गाडीची निगा स्वतः. रोज पहाटे पाचला उठणे. ही वही त्यासाठीच.

२० मार्च, गुरुवार
चार दिवस व्हिडिओ पाहिले. (पाचला उठणं जमलं नाही. अभ्यास आधी.) लोक गाडी जुन्या बनियनने पुसतात, हा गुन्हा आहे. मायक्रोफायबरची बारा फडकी मागवली. लाल चाकांना, निळी काचेला, पिवळी बॉडीला, हिरवी हुडाला. ही कधीही घरच्या टॉवेलबरोबर धुवायची नाहीत, सॉफ्टनर घालायचं नाही, सावलीत वाळवायची. आणि हूड ओलं असताना मिटायचं नाही. घरात सर्वांना एकदा सांगितलं, ऑफिसात दोनदा.

२३ मार्च, रविवार
फडकी आली. सोबत एक मोठा नारंगी टॉवेल फ्री. बिनशिवणीच्या कडा. पाकिटावर इंग्रजीत लिहिलंय, शेवटचा हात फिरवण्यासाठी. तो वरातीच्या दिवशीच फोडायचा.

सासूबाई आमच्याकडेच असतात. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात शिलाई केली. एक फडकं दोन बोटांत धरून म्हणाल्या, ह्यात सूत कुटं हाय, जावईबापू? मी म्हणालो, सूत नसणं हेच याचं वैशिष्ट्य. त्यांनी बोटं झटकली. फडकं सुटेना. म्हणाल्या, लई लोचट हाय की.

सगळ्या जगाचं अंग पुसणारं आपलं गाव, आणि इथे फडक्यातला फरक कळणारा एकच माणूस. असो.

२७ मार्च, गुरुवार. रात्री ८
हिरवं फडकं भाकरीच्या टोपल्यात सापडलं. सासूबाईंच्या म्हणण्यानुसार भाकरी मऊ राहिली. म्हणजे वाफ शोषण्याचा गुण सिद्ध झाला. उरली अकरा.

३० मार्च, गुढीपाडवा
गाडीची पूजा केली. नंतर बंदेनवाजच्या दुकानात गेलो. सीट कव्हर, ताडपत्री, हूड शिवायचं त्याचं काम. त्याने हुडाला एक बोट लावलं. बोट आरपार गेलं. म्हणाला, सर, कपडा गल गया, नवा सिलाके देतूं, आठ दिन में हो जाता. मी त्याला नम्रपणे सांगितलं, ओरिजिनल हुडाची किंमत वेगळी असते. तो म्हणाला, हौ सर, पर पानी को मालूम नै ना.

शिंपी माणूस. त्याला नवं शिवण्यातच रस असणार.

६ एप्रिल, रविवार
वाईट दिवस. विजयमालाने सगळी फडकी मशीनमध्ये टाकली, घरच्या आठ टॉवेलांबरोबर, वर दोन झाकणं सॉफ्टनर. म्हणे, तुमचं काम हलकं केलं. आता कोणतंही फडकं काचेवर फिरवलं की गुलाबी लव उमटते. बॉनेट काळं आहे, त्याला तर दाढी आली.

मी तिला शांतपणे नियम पुन्हा समजावून सांगितला. ती म्हणते, तो समोरच्या गुरुबसप्पांनाही ऐकू गेला.

नारंगी टॉवेल पाकिटात असल्याने वाचला. यापुढे सुरक्षित जागा हवी. माळ्यावर मोडनिंबच्या लग्नासाठी आणलेला आहेर आहे, टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे. त्यात मधोमध खुपसून ठेवला. तिथे लग्नाआधी कोणी हात लावणार नाही.

१३ एप्रिल, रविवार
हुडाची पाण्याची चाचणी. वरून एक बादली ओतली. आतल्या सीटवर अंदाजे पाऊण बादली मिळाली. अवकाळीचा काय भरवसा, वॉटरप्रूफिंग हवंच. व्हिडिओतला स्प्रे मागवायला गेलो, तर आपल्या पिनकोडला येत नाही. पहाटे उठणं सोमवारपासून.

१९ एप्रिल, शनिवार
उपाय सापडला. साधा होता, म्हणूनच कोणाला सुचला नाही. हार्डवेअरच्या दुकानात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा डबा मिळतो. गच्ची हे छत, हूड हेही छत. डब्यावर लिहिलंय, सिमेंट, कौल आणि पत्र्यासाठी. कापडाला लावू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं.

पहिला हात दिला. खाकी हूड पांढरं झालं. दुपारी ऊन त्रेचाळीस. अर्ध्या तासात खडखडीत.

२१ एप्रिल, सोमवार
दुसरा आणि तिसरा हात. पुन्हा बादली ओतली. आत एक थेंब नाही! विजयमालाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आता उघडून दाखवा. सगळं एकाच दिवशी बघायची घाई.

संध्याकाळी बंदेनवाज आला. हुडावर बोटांनी वाजवलं. ठक ठक. कान लावून पुन्हा वाजवलं. मग म्हणाला, सर, अब इस पे पानी की टाकी बिठाव.

यशस्वी माणसाला हे सोसावंच लागतं.

२४ एप्रिल, गुरुवार
हूड मिटण्याची, म्हणजे गाडी उघडी करण्याची, चाचणी. अंशतः यशस्वी. डावा नट निघाला.

२६ एप्रिल, शनिवार
चाचणी पुढे ढकलली. गरम असताना ताणू नये. पहाटेच्या गारव्यात करायला हवी. पहाटे जाग आली नाही.

२८ एप्रिल, सोमवार
दुपारी प्रियदर्शनीचा फोन. आवाज बसलाय, हळदीला गाणी म्हटली म्हणे. शेवटी विचारलं, मामा, गाडी उघडी असणार ना? मी मैत्रिणींना सांगितलंय. मी म्हणालो, शंभर टक्के.

फोन ठेवला. बाहेर जाऊन हूड दोन्ही हातांनी ओढलं. गाडी हलली, हूड हलेना. विजयमाला दारातून बघत होती. म्हणाली, कापून टाका. मी म्हणालो, तुला ओरिजिनलची किंमत कळत नाही. ती आत गेली आणि कोणाला तरी फोन लावला.

प्रवासात वाऱ्याने हूड सैल होण्याची दाट शक्यता आहे.

३० एप्रिल, बुधवार. मोडनिंब. संध्याकाळी ७.३०
वारा लागला. हूड सैल झालं नाही.

गाडी बंदेनवाजने चालवली. त्याला विजयमालाने लग्नाचं आमंत्रण दिलं होतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. दुपारी अक्षता पडल्या. मांडवात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देणं चालू होतं, माईकवर माझंही नाव पुकारलं म्हणे. मी बाहेर हुडापाशी होतो. गठ्ठ्यात नारंगी टॉवेलही शोधला. नव्हता.

पाच वाजता नवरा-नवरीला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं होतं. दोघं मागे बसले. बँड सुरू झाला. बायका खाली वाकून आत बघत होत्या. व्हिडिओवाला म्हणाला, नुसतं पांढरं दिसतंय. तिच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या. बिभीषण, म्हणजे मेहुणा, नवरीचा बाप, म्हणाला, दाजी, उगडा की वो. मी म्हणालो, हूड अजून सेट होतंय.

प्रियदर्शनी आतून म्हणाली, पप्पा, राहू दे. सावली आहे, बरं वाटतंय.

ते तिने माझ्याकडे बघून म्हटलं. तो विषय राहिला त्या दिवशी, भूक नाही म्हणाली होती, तसंच. मला ते बघवेना. मी बंदेनवाजला म्हणालो, पातं आहे का? त्याने खिशातून लगेच काढलं. विजयमालाने आणायला सांगितलं होतं.

पहिला घाव मी घातला. हूड कापलं गेलं नाही, फुटलं. मग चौघांनी मिळून फोडलं. सगळीकडे पांढऱ्या खपल्या. बिभीषणने हाताला लागला तो आहेरातला टॉवेल माझ्याकडे फेकला, साधा, चौकड्यांचा. सीट एका हातात स्वच्छ. लव आली नाही. ही फक्त नोंद.

प्रियदर्शनी उभी राहिली. मुंडावळ्या सारख्या करून सगळ्यांना हात केला. मैत्रिणी ओरडल्या. मला वेशीपर्यंत नीटसं दिसलं नाही, डोळ्यांत खपल्या गेल्या होत्या. खपल्या नव्हत्या. वहीत खोटं कशाला लिहू.

पुढच्या सीटवर व्हिडिओवाला बसल्याने मी मागून चालत गेलो.

निघताना बिभीषणने मला खुर्चीत बसवलं. जावयाचा मान राहिला होता. डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल घातला. म्हणाला, दाजी, गठ्ठ्यात ह्यो एकच असला निघाला. लई भारी हाय. कुणाला दिला न्हाय, तुमच्यासाटनं बाजूला ठिवला हुता.

नारंगी. बिनशिवणीच्या कडा.

खांद्यावरून घसरला नाही. लोचट आहे.

१ मे, गुरुवार. सकाळी ९.१५
जीप दारात आहे. (जीप लिहिलं. राहू दे.) हूड नसल्याने आत दिवसभर ऊन येतं. सासूबाईंनी मागच्या सीटांवर लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्यात. म्हणाल्या, गाडी लई कामाची हाय. नारंगी टॉवेल देऊ केला, तर नको म्हणाल्या, कुरडई चिकटते. विजयमालाने तो बाकीच्या टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकला. सॉफ्टनरसकट. मी झाकण लावून दिलं.

प्रियदर्शनीने माळशिरसहून, सासरहून, फोटो पाठवला. उभी आहे, हात वर केलेला. मागे धुळीत कोणीतरी चालतंय. फोटो मोठा करून पाहिला. मीच.

कावळ्यांपासून राखण माझ्याकडे दिली आहे. खुर्ची टाकून बसलो आहे. ऊन आहे म्हणून आहेराची टोपी घातली. मापात आहे. एका हाताने उघडते, एका हाताने मिटते.