आंबिया बहाराचं पानी

हिवरखेड, चैत्र वद्य सप्तमी, संध्याकाळ

अन् लगेच "मानसाले पाजा, झाडाले नोका पाजू" असं म्हनू नका! तुमचा बाप संत्र्याचा बागवान नाही.

बाकी विहिरी आटल्या, म्हनून अर्धं गाव आमच्या विहिरीवर पानी भरते. सकाळी बाबा बागेसाठी मोट हाकत होते, अन् संध्याकाळी बायायच्या बादलीत गाळ येत होता. मागच्या आठवड्यात मीच म्हनलं, "बाबा, दरसाल झाडायले ताण देतोच ना, पानी तोडतोच. औंदा आता तोडू."

"ताण फुलाच्या आंधी असते, शायन्या. आता आंबिया बहाराचं फळ धरलं हाये. अमरावतीले हेच शिकून राहिला का?"

तरी त्यायनं मोट थांबवली.

आज बागेत गेलो तं बोराएवढी हिरवी संत्री खाली पडली होती. साऱ्या सालाचं पीक. दुपारी पुन्हा गेलो, आनखी पडली होती. मी चुकलो का? पन विहिरीत पानी चढलं. शेजारच्या काशीकाकूची बादली नितळ आली. "जुग जुग जी रे बाबू," म्हने. मले तिच्याकडे पाहावलं नाही.

मंघाशी बाबा म्हनले, "बागेले पान्याची एक पाळी देतो. राहिली तेवढी तरी वाचतीन."

"अन् सकाळी गाव काय पिईन?"

ते बैल सोडाले गोठ्यात गेले. आता बैलायच्या घंट्या विहिरीकडे चालल्या. मी मोटेचा नाडाच सोडून आनतो, दोराबिगर मोट चालत नाही. बापाच्या हातातून ओढा लागला तरी आनतो. तुमाले काय म्हनाचं ते मांगून म्हना. मी चाललो.