काळ्या पाळण्याला किती गुण?

राजुरा,
रविवार सकाळ

प्रिय रोशनी,

सप्रेम जय भीम. दर रविवारी फोन होतो तरी बाबा पत्र का लिहून राहिले, असं तुला वाटेल. फोनवर तू "जेवले का बाबा" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि फोन आईच्या हातात देतो. तीन वर्षं झाली, आपलं बोलणं त्याच्या पुढे गेलंच नाही. आपल्या संघपालला शेवटचं दवाखान्यात भरती केलं तेव्हा तू नाशिकहून रजा टाकून आलीस. वॉर्डाच्या दारातून तुला काय दिसलं, तर बापलेक एका मोबाइलवर वाकलेले, एकेक इयरफोन कानात. तू म्हणालीस, "पोरगा मरून राह्यला बाबा, अन् तुमी कार्टून पाहून राह्यले?" तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज लिहितो.

ती कार्टूनं मोठ्या यंत्रमाणसांची होती. जपानी. दहा मजली लोखंडी माणूस, त्याच्या छातीत केबिन आणि केबिनमध्ये बसून त्याला चालवणारा एखादा पोरगा किंवा पोरगी. संघाला हा नाद बारावीत लागला. त्या वर्षी त्याच्या खुब्याचं हाड खराब झालं आणि कॉलेज सुटलं. दुखणं उठलं की सलाइन, रक्त, आठ-दहा दिवस खाटेवर. मी रजा काढून बाजूला बसायचो. एकदा तो म्हणाला, "बाबा, तुमी त रोज अश्याच मशीनीत बसता. तुमीच सांगा, हे खरं वाटते का?" बावीस वर्षं खुल्या खाणीत शॉवेल चालवली मी. शिडी चढून केबिनमध्ये बसायचं, भोंगा द्यायचा, बकेटभर कोळसा उचलून डंपरमध्ये टाकायचा. तेवढ्या वर्षांत माझ्या पोरानं माझ्या कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. मी पाहायला लागलो.

इंग्रजी अक्षरं खालून इतक्या लवकर पळायची की मला वाचता येत नसत. संघा वाचून सांगायचा, तेही आपल्या बोलीत. जपानचा सेनापती म्हणायचा, "काऊन बे, भेला का?" शेवटच्या खेपेला शेजारच्या खाटेवर सावली गावची सुगंधाबाई होती, नातवाजवळ बसलेली. तीही हसायची. जपानी नावं माझ्या जिभेवर बसेनात म्हणून त्यानं प्रत्येक मालिकेला मराठी नाव ठेवलं. मालिका संपली की आम्ही दोघं दहापैकी गुण द्यायचो आणि मग भांडायचो.

'उडता राजा' नावाची होती, तिला मी दोन दिले. एवढं वजन आणि पाखरासारखं उडतं, पाय टेकला तरी धूळ उडत नाही. संघा म्हणाला, "पण चित्रं पाहा ना बाबा." त्यानं आठ दिले. 'सहा जोड'मध्ये सहा यंत्रं जुळून एक मोठं व्हायचं, सहा माणसं सहा केबिनमध्ये. मी विचारलं, ब्रेक कोणाच्या पायाखाली? तो इतका हसला की सिस्टर रागावून गेली. 'मजूर नंबर बारा' मला सगळ्यांत आवडली. त्यात लढाईच नाही. एक जुनं यंत्र धरण बांधतं, ग्रीस भरणारी बाई रोज त्याच्या सांध्यांवरून हात फिरवते आणि चालवणारा म्हातारा सुरू करण्याआधी खाली वाकून पाहतो, कोणी उभं तर नाही ना. मी नऊ दिले. त्यानं पाच. "यात काही होतच नाई," म्हणाला. मी म्हटलं, बेटा, दिवसभर काही झालं नाही तरच ऑपरेटर चांगला. असे आम्ही भांडत बसायचो, आणि तेवढा वेळ त्याचा हात पोटावरून सुटलेला असायचा. औषधानं सुटायचा नाही तो.

मग त्या शेवटच्या खेपेला 'काळा पाळणा' आली. त्यात बाप स्वतः यंत्र बनवतो आणि आपल्याच पोराला त्यात बसवतो. यंत्र जेवढं चालेल तेवढं पोराचं आयुष्य कमी होतं. पोराला हे माहीत नसतं. चौथ्या भागात कळतं, की बापाला आधीपासून माहीत होतं. संघा वाचता वाचता थांबला नाही, त्यानं सरळ वाचलं. मीच इयरफोन काढला. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. परत आलो तर तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "भंगार आहे हे. शून्य." तो म्हणाला, "पूर्ण पाह्यल्याबिना मार्क देता येत नाई, आपलाच नियम आहे."

म्हणून पूर्ण पाहिली, तेरा भाग. संघानं तिला नऊ दिले. मी शून्यावर अडून बसलो. आम्ही दोन दिवस भांडलो. तो म्हणायचा, बाप वाईट नाई, पोरगा यंत्रात असेपर्यंत तो एकदाही कारखान्याचं फाटक सोडून घरी जात नाई. मी म्हणायचो, फाटकाशी बसून काय उपयोग, बसवण्याआधी सांगायचं होतं. माझा आवाज चढला. सुगंधाबाई पाहायला लागली. तेव्हा संघा हळूच म्हणाला, "बाबा, तुमाले एवढा राग काऊन येऊन राह्यला?"

आणि मी त्याला सांगितलं. वॉर्डात, दुपारी, जेवणाची गाडी येऊन गेल्यावर. काय सांगितलं ते पुढे लिहितो, जरा धीर धर. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी आईच्या हातून जेवला, माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं इयरफोन माझ्या पुढे धरला आणि म्हणाला, "लावा पुढची." थोड्या वेळानं पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ताईले सांगजा. मी सांगनार नाई, तुमीच सांगजा." मी हो म्हटलं. त्याच दुपारी तू दारात उभी राहिलीस. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यानंतर पाचव्या दिवशी तो गेला.

तीन वर्षं मी ते 'हो' घेऊन बसलो आहे. मागच्या रविवारी तू आईला म्हणालीस, की दिनेशच्या घरचे आरमोरीहून येणार आहेत, एप्रिलमध्ये विहारातच साधेपणानं लग्न करायचं आहे. आई फोन ठेवून हसली. किती दिवसांनी. मला त्या हसण्याची भीती वाटली. मंगळवारी ती तांदूळ निवडत बसली होती, तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "संघाले मालूम होतं?" मी हो म्हटलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यादेखत रडली. आज पाच दिवस झाले, माझं ताट वाढते पण माझ्याशी बोलत नाही. कालच म्हणाली, तेही भिंतीला, "पोरीले कधी सांगान?"

तर सांगतो. तू चार वर्षांची असताना सावलीला रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. आपल्या तिघांचं रक्त घेतलं. निकाल आणायला मी एकटाच गेलो. तीन चिठ्ठ्या होत्या, तिन्हींवर तेच: सिकलसेल वाहक. डॉक्टरांनी समजावलं, तुम्हा दोघांना त्रास होणार नाही, पण प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा चारांत एक धोका. मला मुलगा हवा होता. चारांत तीन चांगले, असा हिशेब मी रस्त्यातच करून टाकला. घरी येऊन आईला म्हटलं, सगळ्यांचं रक्त साफ आहे. चिठ्ठ्या चुलीत घातल्या. तीन वर्षांनी संघा झाला. वर्षाचा असताना त्याचे हात सुजले. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून तोच आजार असल्याचं सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला आणि शिबिरात आम्हा दोघांच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, असं आईला म्हणालो. त्यांनी तुझं विचारलं, तर म्हणालो, मुलीची तपासणी झाली आहे, ती साफ आहे. मोठी झाल्यावर तू विचारलंस, तेव्हा तुलाही तेच सांगितलं. तू साफ नाहीस, बेटा. तू वाहक आहेस. तुला काही होणार नाही, पण दिनेशही वाहक असला तर तुमच्या मुलांना तोच धोका आहे. हे पत्र त्याला वाचायला दे, माझी लाज धरू नकोस. लग्नाआधी दोघांची तपासणी करा. मग लग्न करायचं की नाही, मूल कसं आणि कधी, ते तुम्ही दोघं ठरवा. त्यात मी एक शब्द बोलणार नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही, ते तुझं तू पाहा. एकच मागतो. निकालाचा कागद हातात आला की तो दोघांनी मिळून उघडा. मी एकट्यानं उघडला होता.

तुझाच,
बाबा