मोरीजवळचा दिवा

लातूर,
दि. ४ मे १९८६

प्रिय पंचशीलाताई,
सप्रेम जयभीम. लोह्यात टँकर येऊन राहिला हे वाचून बरं वाटलं. पत्रावर लातूर बघून दचकू नको. विष्णुपुरीच्या कॉलेजचं विचारलंस, ते शेवटी लिहितो.

दाजी म्हणतात, गरिबांची घरं सरकारनं बांधावीत. इथले दुकानदार अन् घरमालक ईश्वरप्पा म्हणतात, "भाड्याचा कायदा उठवा, उद्या धा खोल्या बांधतो. आता भाडेकरू एकदा घुसला की नातवापर्यंत हालत न्हाई." जिल्हा झाल्यापासून खोली मिळणं मुश्किल झालंय. अप्पांच्या चार नव्या खोल्यांचं वायरिंग मीच केलं. त्यांनी त्यात कडबा भरून कुलपं लावली.

सिंधु आठवते? जयंतीच्या मिरवणुकीत दाखवली होती. तिचे वडील म्हणाले, "आधी छप्पर दाखव, मग पोरीचं बोल." मी अप्पांकडं खोली मागितली. "मिरगापर्यंत थांब, कडबा संपू दे," म्हणाले. मला वाटलं, टाळून राहिलेत. का टाळतात, ते तुला सांगायला नको. डोकं फिरलं. थेट कलेक्टर कचेरीत अर्ज टाकला, की माणसं टिनाखाली भाजतात अन् इथं खोल्यांत कडबा.

साहेब आले, कुलपं उघडली. मला वाटलं, आता एक खोली माझी. कारकून म्हणाला, "रिकामी खोली आधी सरकारी नोकराला. तू हाईस का?"

न्हाई म्हणालो.

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "येड्या, तिसरी तुझ्यासाठीच धरली होती. मोरी मोठी कुणाच्या सांगण्यावरून केली? बायकोला पाणी साठवाया जागा लागंल, तूच म्हणालास न्हवं?"

जात त्यांच्या नाही, माझ्याच डोक्यात होती त्या दिवशी.

दाजींना सांग, मला त्यांचंच पटतं. कायदा उठला तर भाडं मला परवडणार नाही, अन् नुसता कायदा ठेवला तर कुलपं लागतात. सरकारनं आपल्या नोकरांपुरती तरी घरं बांधली असती, तर माझी खोली त्यांना लागली नसती.

तिसरी खोली ट्रेझरीतल्या एका कारकुनाला मिळाली. हिमायतनगरचा आहे, आपल्यातलाच. स्वभावानं चांगला. बुद्धपौर्णिमेला त्याचं सिंधुशी लग्न आहे. ती एवढंच म्हणाली, "अर्ज करायच्या आधी मला तरी विचारायचंस."

कॉलेज मी दिवाळीतच सोडलं, ताई. तिच्यासाठी इथं आलो. बाबांना तू सांग, माझ्यानं होणार नाही.

काल अप्पांनी बोलावलं. त्या खोलीत मोरीजवळ अंधार पडतो, नव्या बाईला पाणी घेताना दिसायला पाहिजे म्हणाले. दिवा लावून आलो. बटण जरा खाली घेतलंय, तिचा हात पोचेल असं.

तुझा भाऊ,
साहेबराव
(पत्ता सध्या अप्पांच्या दुकानाचाच लिही.)